सतरा, दगड आणि माझी आवराआवर

एका अंध मुलीची दोन वर्षांची मेहनत मी चार दुपारींत पुसून टाकली, आणि वर तिच्याकडून शाबासकी मिळेल म्हणून वाट पाहत बसले. कबुली द्यायचीच तर अशी एका दमात दिलेली बरी. सावकाश द्यायला गेलं की माणूस मधेमधे स्वतःची बाजू घुसडत जातो. मी ती पुढे घुसडणार आहेच, पण आधी गुन्हा नोंदवून ठेवते.

तेव्हा मी तरुण होते. त्रेसष्ट वर्षांची. आज शहात्तराव्या वर्षी त्या बाईकडे मागे वळून पाहिलं की मला तिचं हसू येतं आणि थोडी भीतीही वाटते. एका कॉलेजच्या ग्रंथालयातून ती तीन वर्षांपूर्वी निवृत्त झाली होती. तीस वर्षांहून जास्त काळ तिने एकच काम केलं होतं : आलेल्या पुस्तकाला त्याची जागा द्यायची. विषय कोणता, उपविषय कोणता, क्रमांक काय, कार्ड कुठल्या खणात. पुस्तकं वाचणारी माणसं वेगळी आणि पुस्तकं लावणारी वेगळी. ती लावणारी. वाचणाऱ्यांबद्दल तिला मनातून जरा कीवच वाटायची, कारण ते पुस्तक घेतात एका कपाटातून आणि ठेवतात भलत्याच.

निवृत्त झाल्यावर असल्या बाईने करायचं काय? तिने घर लावायला घेतलं. मसाल्याच्या डब्यांवर चिठ्ठ्या, औषधांवर चिठ्ठ्या, जुन्या वायरींच्या पिशवीवर चिठ्ठी. एका सकाळी फ्रिजच्या दारावर आमच्या ह्यांच्या अक्षरात एक चिठ्ठी दिसली : ‘विषय – आमटी. उपविषय – कालची.’ मी ती काढली नाही. अक्षर वाईट होतं, पण वर्गीकरण बरोबर होतं.

तर घरातल्या मंडळींनीच मला बाहेर काढलं म्हणायचं. एरंडवण्यात आम्ही काही निवृत्त लोक दर रविवारी सकाळी एका छोट्या हॉलमध्ये जमायचो आणि स्पर्धा परीक्षांना बसणाऱ्या अंध विद्यार्थ्यांसाठी पुस्तकं मोठ्याने वाचून रेकॉर्ड करायचो. माझा आवाज खणखणीत, त्यामुळे मला राज्यव्यवस्था आणि भूगोल. पण पुस्तक वाचून संपेपर्यंत त्याची नवी आवृत्ती यायची. शेवटी आमची सून म्हणाली, ‘‘आई, नेटवर बरंच काही आहे. ही मुलं कॉम्प्युटरकडून वाचून घेतातच की. तुम्ही फक्त चांगली पानं शोधून एका जागी गोळा करा.’’ ती खराडीला एका सॉफ्टवेअर कंपनीत होती. तिने चहा गार व्हायच्या आत आम्हाला एक खातं उघडून दिलं.

आता ज्यांनी हा प्रकार पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगते. तशा वेबसाइटी तेव्हा बऱ्याच होत्या, आता बहुतेक मावळल्या. आवडलेल्या पानाचा पत्ता तिथे साठवून ठेवायचा, म्हणजे वहीत खूण घालतो तसा, फक्त ही वही सगळ्यांना उघडी. आणि प्रत्येक पानाला टॅग, म्हणजे ओळखीचे छोटे शब्द लावायचे, आपल्या मनाला येतील ते. मला तर स्वर्ग दोन बोटं उरला. कपाटात पुस्तक एकाच जागी उभं राहू शकतं; सिंचनावरचं पुस्तक शेतीत ठेवायचं की अभियांत्रिकीत, यावर मी सहकाऱ्यांशी अबोला धरलेला आहे. इथे एकच पान एकाच वेळी दहा कपाटांत उभं! आमचं खातं एक, पासवर्ड एक, आणि तो आम्हा सगळ्यांना पाठ. जो येईल त्याने पानं टाकावीत, टॅग लावावेत.

ते खातं सर्वांत जास्त वापरणारी एक मुलगी होती. तेवीस वर्षांची, यवतमाळकडच्या एका खेड्यातून पुण्यात परीक्षेच्या तयारीला आलेली, कर्वेनगरच्या एका हॉस्टेलवर राहणारी. तिला जन्मापासून दिसत नव्हतं. रविवारी हॉलमध्ये आली की माझ्या खुर्चीशी येऊन म्हणायची, ‘‘आजी, तुमचा कृष्णा-खोऱ्याचा भाग ऐकला. वाचता चांगलं, पण मधे श्वास घेत जा ना जी, मलेच दम लागते.’’ मला ती आवडायची. घरी दोन बहिणी मागे होत्या आणि वडिलांनी तिला दोन वर्षं दिली होती. त्यातलं हे दुसरं चालू होतं. पूर्वपरीक्षा निघाली नाही तर सामान बांधून परत जायचं, हे तिने मला सांगितलं होतं. कुरकुर म्हणून नव्हे, बसची वेळ सांगावी तसं.

एके दिवशी मी सहज खात्यातली सगळ्या टॅगांची यादी उघडली आणि चष्मा पुसून पुन्हा पाहिली. नदी, नद्या, नदीखोरे, महाराष्ट्रातील नद्या, सगळे वेगवेगळे. हे एक वेळ समजू शकत होते. पण पुढे? दगड. खिचडी. बडबड्या. गोड. नऊ. सतरा. एकतीस. पंचायत राजच्या पानाला ‘सतरा’ आणि ‘बडबड्या’. राज्यघटनेच्या एका पानाला चक्क ‘दगड’. मी पान उघडून नीट पाहिलं. त्यात सतरा असं काही नव्हतं आणि बडबडही नव्हती. उलट लेख मुद्देसूद होता. मी मनाशी निकाल देऊन टाकला : आमच्याकडे कॉलेजची मुलं मदतीला येतात, त्यांची ही टवाळी.

कुणाला विचारलं का नाही? हा प्रश्न मला नंतर सगळ्यांनी विचारला. खरं उत्तर लाजिरवाणं आहे. विचारायचं सुचलंच नाही. चुकीच्या खणात गेलेलं कार्ड दिसलं तर आपण ते उचलून बरोबर खणात टाकतो. ते टाकणाऱ्याचा पत्ता शोधत गावभर फिरत नाही. तीस वर्षं मी असंच केलं होतं आणि तीस वर्षं त्याबद्दल माझं कौतुक झालं होतं.

मग सलग चार दुपारी, आमचे हे वामकुक्षीला गेले की मी कॉम्प्युटरपुढे बसायची. प्रत्येक टॅगसमोर दोन बटणं होती, ‘बदला’ आणि ‘काढा’. ‘काढा’ दाबलं की तो टॅग सगळ्या पानांवरून एका क्षणात नाहीसा. आकडे आधी काढले. मग दगड, मग खिचडी. वेबसाइट दर वेळी विचारायची, ‘नक्की?’ माझ्या आयुष्यात तोवर मला कुणी इतक्या अदबीने विचारलं नव्हतं. नक्की म्हणजे काय, अगदी नक्की! त्यांच्या जागी मी शिस्तीत नवे टॅग लावले : राज्यव्यवस्था–स्थानिक स्वराज्य–पंचायत राज. चौथ्या दुपारी यादी अशी दिसायला लागली की तिची चौकट करून भिंतीवर लावावी.

दुसऱ्या दिवशी मुलीचा फोन आला.

‘‘आजी, आपल्या खात्यात कुणी शिरलं का जी?’’

‘‘का गं?’’

‘‘माझं सगळं गेलं. सतरा गेलं, नऊ गेलं, दगड, खिचडी, काहीच सापडत नाही.’’

‘‘अगं, शिरलं नाही कुणी. मीच आवरलं. आता बघ कसं लख्ख झालंय.’’

माझ्या आवाजातला ‘लख्ख’ मला अजून ऐकू येतो.

‘‘ते तुझे होते?’’ मी विचारलं.

‘‘हो.’’

‘‘पण सतरा म्हणजे काय?’’

‘‘सतरा म्हणजे सतरा वेळा खाली जायचं बटण दाबायचं, मग लेख सुरू होते. त्याच्या आधी ते स्क्रीन रीडर मुख्यपृष्ठ, संपर्क, छायाचित्रं, सगळं वाचत बसते. अशी पानं म्हणजे बडबड्या. अन् थेट लेखच वाचते ते गोड.’’

‘‘आणि दगड?’’

‘‘कागदाचा फोटो काढून चिकटवला असते ना, ते. तुम्हाला अक्षरं दिसतात. माझ्याकडे ते पान गप्प बसते. खिचडी म्हणजे जुन्या फॉन्टातलं. तुम्हाला छान मराठी दिसते, आणि मला ऐकू येते एफ, जी, स्लॅश, डॉलर. एकेक पान ऐकून ऐकून लावलं होतं, आजी. कुठं जायचं अन् कुठं नाही जायचं ते.’’

‘‘परीक्षा कधी आहे?’’ हे मला माहीत होतं. तरी विचारलं. काहीतरी विचारणं भाग होतं.

‘‘पाच आठवडे. बरं. ठेवते जी.’’

रागावली असती तर मला बरं वाटलं असतं. त्या ‘बरं’नंतर मी फोन हातात धरून तशीच उभी राहिले. आमचे हे वर्तमानपत्रातून डोकं न काढता म्हणाले, ‘‘मिळाली शाबासकी?’’

संध्याकाळी सून आली. तिने विचारलं, ‘‘आई, बॅकअप घेतला होतात का?’’ मी विचारलं, ‘‘तो कसा घेतात?’’ ती म्हणाली, ‘‘म्हणजे नाही.’’ त्यापुढे ती एक शब्दही बोलली नाही. आमच्या घरात तिरकं बोलायची सगळी जबाबदारी एकाच माणसाने उचलली असल्यामुळे बाकीच्यांना सभ्य राहणं परवडतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी रिक्षा करून मी कर्वेनगरला गेले. बरोबर डबाभर बेसनाचे लाडू. अपराध्याने रिकाम्या हाताने जाऊ नये.

‘‘लाडू काहून आणले?’’ तिने डबा हुंगून विचारलं.

‘‘तोंड गोड करायला.’’

‘‘माझं की तुमचं?’’

तिच्या खोलीत मी पहिल्यांदाच ते यंत्र जवळून ऐकलं. दोन वर्षं मी या मुलांसाठी पानं गोळा करत होते आणि ती पानं त्यांच्या कानात कशी जातात ते एकदाही ऐकलं नव्हतं. तिने ज्या वेगाने लावलं होतं त्यातला मला एकही शब्द कळेना. कुणीतरी लिलावात ओरडतंय असं वाटत होतं. मग तिने वेग कमी केला आणि म्हणाली, ‘‘ही तुमची म्हातारी गती. आता डोळे मिटा आणि पंचायत राज शोधून दाखवा.’’

मी डोळे मिटले आणि बटण दाबायला लागले. मुख्यपृष्ठ, लिंक. आमच्याविषयी, लिंक. छायाचित्र. छायाचित्र. इंग्रजी आवृत्ती, लिंक. शोधा, रिकामी चौकट. तेच लख्ख, मुद्देसूद पान. नजर ज्या मजकुरावर पहिल्या झटक्यात जाऊन बसते, तो येतच नव्हता. अकरा झाले, बारा झाले, मधेच काहीतरी चुकीचं दाबलं गेलं आणि पुन्हा मुख्यपृष्ठ, लिंक. मी अगदी हळूच एक डोळा किलकिला केला.

‘‘डोळे उघडले ना, आजी?’’

‘‘तुला कसं कळलं?’’

‘‘बटणं दाबायचं थांबले तुम्ही.’’

रिक्षातून परत येताना मी त्यावर विचार करत होते. कुठलंही पुस्तक हातात आलं की मी एकच प्रश्न विचारत आले : हे कशाबद्दल आहे? मला वाटायचं पुस्तकाला विचारण्यासारखा तेवढाच शहाणा प्रश्न आहे. ती मुलगी पानाला विचारत होती : मला आत घेशील का? दार किती पावलांवर आहे? मी लावलेल्या टॅगांत चूक काहीच नव्हती. पंचायत राजचं पान पंचायत राजबद्दलच होतं. पण ते तिला आधीच माहीत होतं, म्हणून तर ती तिथे आली होती. ग्रंथालयात माझ्या खणांपुढे गोंधळून उभी राहणारी मुलं मला आठवली. ‘‘मॅडम, ते निळ्या कव्हरचं, गेल्या वर्षी खिडकीजवळ होतं ते’’ असं विचारणारी. मी त्यांना म्हणायची, ‘‘लेखकाचं नाव सांगा.’’ निळं कव्हर आणि खिडकी हीही माहितीच होती की. मी ती कधी कार्डावर घेतली नाही.

असो. पश्चात्ताप करायला पुढे भरपूर दिवस होते, पाच आठवडे मात्र पाचच होते. मी रोज सकाळी हॉस्टेलवर जायची, ती ऐकायची, सांगायची, मी टाइप करायची. दिवसाला दहा-बारा पानं व्हायची. पाचव्या दिवशी ती म्हणाली, ‘‘आजी, हेच करत बसले तर वाचू कधी?’’ बरोबर होतं. टॅग नाहीत म्हणून ती चाचपडत होती, आणि टॅग परत लावायला बसली की अभ्यास राहत होता. दोन्हीकडून तिचेच दिवस जात होते, आणि ते मी खर्च केले होते.

मार्ग सापडला तो शनिवारी, सुनेला. मी घरी एकटीने काही करता येतं का ते पाहत होते. ती माझ्या खांद्यावरून डोकावली. ‘‘आई, पानाखाली हा आकडा आहे ना, तो कसला आहे ते कधी पाहिलंत?’’

‘‘आकड्यांचं नाव काढू नकोस.’’

‘‘अहो, हेच पान अजून किती जणांनी आपापल्या खात्यात साठवलंय त्याचा आहे. अकरा. दाबून तर बघा.’’

दाबलं. अकरा अनोळखी खाती समोर आली, आणि प्रत्येकाने त्या पानाला लावलेले टॅग. तिसऱ्या ओळीत होतं : सतरा, बडबड्या. पाचव्या ओळीत : सतरा. नवव्या ओळीत कुणीतरी लिहिलं होतं : ‘सतरा नाही, आता अठरा’.

मी खुर्ची पुढे ओढली. दुसरं पान उघडलं, राज्यघटनेचं. सहा जणांनी साठवलेलं, चौघांकडे ‘दगड’. एका तक्त्यांच्या पानाला कुणीतरी नवाच शब्द घडवला होता, ‘अर्धा दगड’. म्हणजे मजकूर बोलतो, तक्ता बोलत नाही. ही सगळी कुठे कुठे बसून परीक्षेची तयारी करणारी अंध मुलं-मुली होती. त्यांना आमचं खातं सापडलं होतं, आणि ती पानांबरोबर तिचे शब्दही घेऊन गेली होती. न भेटता, न विचारता त्यांच्यात एक बोली तयार झाली होती. मी आशेने माझं ‘राज्यव्यवस्था–स्थानिक स्वराज्य’ कुणी घेतलंय का तेही शोधलं. कुणी नाही. त्रेसष्ट वर्षांच्या बाईला ते लागलं, खोटं कशाला सांगू?

फोन करून सगळं सांगितलं तेव्हा मुलगी म्हणाली, ‘‘अर्धा दगड! हे मले काहून नाही सुचलं?’’ आणि हसली. माझ्या चार दुपारींनंतर ती पहिल्यांदाच हसली होती.

पुढचे आठ-नऊ दिवस मी एकटीने काम केलं. सकाळपासून अनोळखी लोकांच्या खात्यांत जायचं, पान जुळवायचं, त्यांच्याकडचे टॅग आमच्याकडे जसेच्या तसे उतरवायचे. एकही अक्षर इकडचं तिकडे करायचं नाही. हात शिवशिवायचे, ‘बडबड्या’ आणि ‘बडबड’ एकत्र करावेत असं वाटायचं. हात मांडीखाली धरून बसायची. एका खात्याच्या मालकाला सुनेने निरोप पाठवला होता, त्याचं उत्तर आलं : ‘तुमचे गेले का? आमच्याकडे आहेत ना. न्या.’ अर्ध्याहून जास्त पानं अशी परत आली. उरलेल्यांचं काय करायचं विचारलं तर ती म्हणाली, ‘‘राहू द्या आता. चाचपडीन.’’

‘‘आणि माझे टॅग? काढून टाकू?’’

‘‘असू द्या. ते मधे येत नाहीत.’’

एवढा सौम्य अपमान माझा पुण्यात कुणी केला नव्हता.

परीक्षा झाली. निकाल लागला. तिचं नाव नव्हतं, थोडक्यात हुकलं होतं. मी ते आमच्या रविवारच्या हॉलमध्ये दुसऱ्या कुणाकडून ऐकलं आणि तशीच घरी आले. आमचे हे त्या दिवशी काही तिरकं बोलले नाहीत. यावरून काय ते समजा. मी मनाशी हिशेब मांडत राहिले : हॉस्टेलवरच्या त्या सकाळी, चाचपडण्यात गेलेले तास, न सापडलेली पानं. वडिलांनी दिलेली दोन वर्षं संपली होती, आणि त्यातल्या शेवटच्या आठवड्यांत मी माझी आवराआवर घालून ठेवली होती.

गावी जायच्या आदल्या दिवशी ती निरोप घ्यायला घरी आली. चहा झाला. मी इकडचं तिकडचं बोलत होते, आई कशी आहे, बहिणी कितवीत आहेत. शेवटी धीर करून विचारलं, ‘‘माझ्यामुळे गेलं का गं तुझं? खरं सांग. मन राखू नकोस.’’

तिने कप बशीवर ठेवला. बशी कुठे आहे ते बोटाने आधी पाहून मग ठेवला. आणि म्हणाली :

‘‘आजी, माझं गणित गेलं. गणिताची एक तरी लिंक होती का आपल्या खात्यात? तुम्ही माझे पंधरा दिवस खाल्ले, ते खरं आहे, आणि ते मी काही विसरणार नाही. पण नापास मी माझ्या हातानं झाले. तेवढं तरी माझ्या नावावर राहू द्या जी.’’